ढब्बूची सोबत

कुत्रा गेल्यावर त्याचं पुढे काय करायचं यावरून घरात एवढं महाभारत होऊ शकतं, हे ढब्बू जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. तो गेला सकाळी, मी चहा ठेवत होते तेव्हा, आईच्या पलंगाखाली. म्हातारा झाला होता. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे धक्का वगैरे काही नव्हता. मी मनात म्हटलं, एक फोन करायचा, गाडी बोलवायची, नेऊन द्यायचं आणि रडायचं ते घरी येऊन निवांत रडायचं. मी घरी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. एका हॉटेलचे पडदे गळ्याशी आले होते. दुपारपर्यंत हे आटोपलं तर संध्याकाळी मशीनवर बसता येईल, असा माझा साधा हिशोब होता.

जनावरांच्या दहनगृहात फोन लावला. पलीकडच्या माणसाने नमस्कारसुद्धा न करता विचारलं, “सामूहिक, विभागून की स्वतंत्र?”

मला वाटलं चुकून दुसरीकडेच फोन लागला. मग त्याने समजावून सांगितलं. सामूहिक म्हणजे चार-पाच जनावरं एकत्र, राख परत मिळत नाही. स्वतंत्र म्हणजे भट्टीत तुमचा एकटाच. आणि विभागून म्हणजे भट्टी एकच, पण मधे विटांची आडभिंत रचायची, अलीकडे तुमचा, पलीकडे दुसऱ्याचा, राख ज्याची त्याला. “घरच्यांना विचारून सांगा,” तो म्हणाला, आणि मी खरंच घरच्यांना विचारलं. तिथेच फसले.

घरचे म्हणजे दोघंच. आई आणि धाकटा भाऊ. ढब्बूला पिल्लू असताना जाकिटाच्या आत लपवून घरी आणलं ते भावाने, आणि वर्षाच्या आत नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघून गेला तोही भाऊच. तेव्हापासून लाड करायला तो आणि शी-शू काढायला मी. फोनवर आधी ढसाढसा रडला. मग नाक पुसून म्हणाला, “ताई, स्वतंत्रच करायचं. त्याची राख मला हवीय. मी येईपर्यंत ठेव. त्याला चार कुत्र्यांत टाकायचं नाही, सांगून ठेवतो.”

“बरं,” मी म्हटलं. मला काय, माझी कशालाच ना नव्हती.

पण आईची होती. आई पलंगाच्या कडेला वॉकर धरून बसली होती. ढब्बूला मी पलंगाखालून काढून जुन्या चादरीवर निजवलं होतं, त्याच्याकडे बघत म्हणाली, “एकट्याला नाही घालायचं.”

“अगं आई, त्यातच त्याचा मान आहे म्हणे.”

“मान घेऊन काय करायचाय त्याला? जेवतानासुद्धा कुणीतरी शेजारी उभं लागायचं. त्याला तुम्ही त्या आगीत एकट्याला घालणार?”

“आई, तो आता नाहीये.”

“म्हणून तर. असता तर मी बसले असते जवळ.”

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. ढब्बूला एकटेपणाचं भय होतं. साधंसुधं नाही, विलक्षण. कुठलंही दार लावलं आणि तो एकटा एका बाजूला राहिला की खालच्या फळीवर नखं घासत बसायचा, दार उघडेपर्यंत. घरातल्या एकाही दाराला खाली रंग उरला नव्हता. मी आंघोळीला गेले तरी खरवड, आई झोपली तरी खरवड. या वयातही त्याची ती खोड गेली नव्हती. मी कितीदा त्याच्यावर ओरडले असेन, त्याला गणतीच नाही.

भावाला परत फोन केला. तो म्हणाला, आईला समजाव. आईला सांगितलं, ती म्हणाली, त्याला समजाव. राख हवी हा त्याचा हट्ट, सोबत हवी हा हिचा. मधे मी, आणि चादरीवर बिचारा ढब्बू. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “विभागून करू. राख वेगळी मिळेल आणि भिंतीपलीकडे सोबतही असेल. आता कुणीही तोंड उघडायचं नाही!” दोघंही चटकन हो म्हणाले. आईने तर माझा हात दाबला. एवढी अक्कल मला आधी का सुचली नाही, असं मलाच वाटलं.

आईला घरी ठेवून जाण्याचा प्रश्नच नव्हता. ढब्बू, आई, वॉकर आणि मी, असे गाडीतून तिथे पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गावाबाहेरची बैठी इमारत, पुढे पंखा असलेली एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे भट्टी. सगळं स्वच्छ होतं, आणि तिथे आमच्याशिवाय एक माणूस होता. दाढीवाला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. सकाळचा आवाज याचाच.

“विभागून ना? थांबावं लागेल.”

“का?”

“दुसरं जनावर आलं नाही आज. विभागून म्हणजे दोन तरी हवीत ना, मॅडम. की स्वतंत्र करून टाकू?”

मी आशेने आईकडे बघितलं. आईने खुर्ची जवळ ओढली आणि बसली. “थांबू आम्ही,” ती म्हणाली.

त्या खोलीत बसून मी काय करत होते, हे आता सांगतानाही लाज वाटते आणि हसूही येतं. मी चक्क कुणाचं तरी कुत्रं नाहीतर मांजर मरावं, आणि जरा लवकर मरावं, म्हणून वाट बघत होते. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वर करत होते. हॉटेलवाल्याचे दोन फोन येऊन गेले. भावाने ‘झालं का’ म्हणून विचारलं, त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पंखा कुरकुरत होता. आई शांत होती. अधूनमधून ढब्बूच्या चादरीवर हात ठेवत होती, एवढंच.

मग दाढीवाला मागून आला. “आलं, मावशी. मागच्या दाराशी ठेवून गेलंय कुणीतरी.”

“कोण?” मी विचारलं.

“दिसलं नाही. होतं असं. लोकांना बघवत नाही. ठेवतात आणि निघून जातात. मागाहून येतात राखेला.”

“पण आहे काय? कुत्रं की मांजर?”

“आम्ही उघडून बघत नाही, मॅडम. जसं येतं तसंच आत. तशी पद्धतच आहे इथली.” मग वळता वळता म्हणाला, “लांबट आहे जरा. कुत्रंच असणार.”

ढब्बूला आत नेताना मी बरोबर गेले. ते दुसरं ट्रॉलीवर ठेवलं होतं. तपकिरी घोंगडीत, आणि ती घोंगडी चारही बाजूंनी शिवून टाकलेली. जाड दोरा, बारीक एकसारखे टाके. माझं आयुष्य शिवण्यात गेलंय, नजर आपोआप टाक्यांवर जाते. शिवण सुंदर होती, पण कुठेच गाठ दिसेना. मी ट्रॉलीभोवती फिरून बघितलं. बंद पिशवी शिवताना शेवटची गाठ बाहेरच राहते, दुसरा इलाजच नसतो. ती आत मारायची तर शिवणारा आतच हवा.

वासही येत होता. मेलेल्या जनावराचा नव्हे. कापडावर इस्त्री विसरून राहिली की येतो, तसा. मला वाटलं, भट्टीचा असेल. भट्टी तेव्हा अजून पेटवलेली नव्हती, हे मला नंतर घरी आल्यावर लक्षात आलं.

मी दाढीवाल्याला म्हणालेसुद्धा, “अहो, याची गाठ कुठाय?” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. म्हटलं, असेल काहीतरी, आपल्याला काय करायचंय? एकदाचं उरकू दे. त्याने मधे विटा रचल्या, कोरड्याच, एकावर एक. अलीकडे ढब्बू, पलीकडे ते. दार बंद झालं.

बाहेर आईने विचारलं, “मिळाली का सोबत?”

“मिळाली.”

“बरं झालं बाई,” म्हणून तिने डोळे पुसले. दिवसभरात ती पहिल्यांदाच रडली. माझाही मग बांध फुटला.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो ते पत्र्याचा डबा घेऊन. डबा गरम होता आणि ढब्बूच्या मानाने जड. मी तो बाहेरच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर ठेवला. आईला तो तिच्या खोलीत हवा होता, पण एका दिवसात किती जणांचं किती ऐकायचं! मी म्हटलं, भाऊ येईपर्यंत इथेच राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, “आला बघ.”

“कोण?”

“दार खरवडतोय माझं.”

मी पडद्याची झालर धरून बसले होते. म्हटलं, “आई, सवय लागलेली असते कानांना. झोप थोडी.” संध्याकाळी परत तेच. पुढच्या दिवशी परत. मी भावाला फोन केला, तर तो म्हणे, “ताई, तिला डॉक्टरकडे ने.” म्हणजे तेही मीच. “तू ये आणि तूच ने,” म्हणून मी फोन आपटला.

त्याच दुपारी मी मशीन चालवत होते. झालर संपली, पाय थांबवला, मशीन थांबलं. आवाज थांबला नाही. फरशीवर नखं वाजत होती. ढब्बूचीच. त्याचा मागचा एक पाय अधू होता, त्यामुळे तीन टकटक आणि एक घसटा, अशी त्याची चाल होती. चाल डब्याच्या फळीपाशी सुरू झाली, माझ्या पाठीमागून गेली, पॅसेजमध्ये वळली आणि आईच्या दाराशी थांबली. मग खरवड सुरू झाली. खालच्या फळीवर, जिथे रंग नव्हता तिथेच.

मी उठून पॅसेजमध्ये आले. कुणी नव्हतं. भरदुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि रिकाम्या दाराच्या पायथ्याशी आवाज चालू होता. खरं सांगते, मला भीती नाही वाटली. इतक्या वर्षांत जे ऐकून मी वैतागायचे, ते परत ऐकून मला बरं वाटलं. मी खाली बसले आणि हळूच म्हटलं, “काय रे ढब्बू, काय झालं?”

तेवढ्यात माझ्या मागे, डब्याच्या फळीच्या बाजूला, दुसरं काहीतरी हललं.

त्याला नखं नव्हती. पावलंही नसावीत. जाड कापड फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज... थोडा ओढल्याचा, मग थांबल्याचा. परत थोडा. सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा. आणि त्याच्याबरोबर तो वास, करपलेल्या कापडाचा. आवाज जसा जवळ आला तशी दाराशी खरवड वाढली. ढब्बूला मी उभ्या जन्मात तसं खरवडताना ऐकलं नव्हतं. तो आत येऊ मागत होता, पण एकटं वाटत होतं म्हणून नव्हे. तो पळत होता.

मी मशीनच्या खोलीकडे बघितलं. उन्हात काहीही नव्हतं. पण माझ्या हाताला ऊब लागली, उघड्या भट्टीसमोरून गेल्यावर लागते तशी, आणि मी झटकन आईच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं.

“ऐकलंस ना?” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. “दार का लावलंस? येऊ दे ना त्याला.”

“आई, दार उघडायचं नाही.”

“अगं, पण तो...”

“त्याच्यामागे कुणीतरी आहे. त्या विटांपलीकडचं.”

“मग बरंच की! सोबत मिळाली म्हणायची त्याला.”

“तशी सोबत नाही ती, आई! घाबरलाय तो.”

“घाबरलाय ना? मग आत घ्यायला नको?” ती वॉकरकडे हात करत म्हणाली. “जन्मभर मी त्याला आत घेतलंय. तू ओरडायचीस, तरी घेतलंय. आता तो एवढा लांबून आला तर त्याला दारात ठेवू?”

मी हात टेकले. आयुष्यात कधी नाही ते मी आईला दटावलं. वॉकर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी नेऊन ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुला कधी आवडलाच नाही तो.” हे बरं आहे! औषधं मी घालायची, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे मी न्यायचं, आणि वर हे ऐकायचं. पण तेव्हा भांडायची ताकद नव्हती. खरवड थांबेपर्यंत मी दाराला पाठ लावून बसून राहिले. पाठीला ते लाकूड कोमट लागत होतं.

बाहेर शांत झाल्यावर मी आले, डबा उचलला आणि बाल्कनीत नेला. दोन्ही हातांनी उचलावा लागला. दाढीवाल्याला फोन लावला.

“बरं झालं फोन केलात,” तो म्हणाला. “मीच करणार होतो. ते दुसरं जनावर... त्याचं न्यायला कुणी आलंच नाही.”

“त्याची राख कुठाय?”

“डबा नीट आहे ना तुमचा?” त्याने उलट विचारलं.

“अहो, मी विचारतेय, राख कुठाय त्याची?”

“पलीकडे राखच नव्हती, मॅडम. साफ होतं. मला वाटलं, तुमच्या बाजूला सांडली असेल, भिंत कोरडी असते ना... पण सांडून एवढी कशी सांडेल? विटा जागेवर नव्हत्या. तुमच्या बाजूला ढकलल्यासारख्या...” त्याचा आवाज बसला. “जे होतं ते सगळं भरून दिलं मी तुम्हाला. सांगायला हवं होतं. चुकलं.”

“मग आता वेगळी करून द्या!”

“राख कशी वेगळी करणार, मॅडम?”

“ते मला विचारू नका! भट्टी तुमची, भिंत तुमची, पद्धत तुमची. डबा घेऊन आत्ता येते मी, तुमचं तुम्ही ठेवून घ्या!”

“आणू नका,” तो घाईघाईने म्हणाला. “इथे आणू नका ते. हात जोडतो.” आणि त्याने फोन ठेवला. मी परत लावला, परत लावला. उचलेना. मी बाल्कनीत उभी राहून त्याला, भावाला, हॉटेलवाल्याला आणि विभागूनची अक्कल लढवणाऱ्या स्वतःला, जे तोंडाला येईल ते बोलत होते. त्या बडबडीत आत काय चाललंय तिकडे माझं लक्ष राहिलं नाही.

आत आले तेव्हा पॅसेजमध्ये वास नव्हता. इतकी स्वच्छ हवा होती की मी दीर्घ श्वास घेतला. आईच्या दाराची खालची फळी गार होती. म्हटलं, सुटलो. डबा उचलून बाहेर नेला तेवढ्यानेच सुटलो.

मग माझ्या पायाशी खरवड सुरू झाली.

अगदी हळू, दमल्यासारखी. दार बंद होतं आणि ढब्बू माझ्याबरोबर बाहेर होता. दारातल्या फरशीवर वॉकरच्या पायांचे ओले ठसे होते. वॉकर ठेवलेल्या भिंतीपर्यंत ती कशी पोचली, काय धरून पोचली, देव जाणे. दाराकडे येताना पाण्याचा ग्लास सांडला असावा. म्हणजे तिने दार उघडलं होतं. कुणाला तरी आत घेतलं होतं, आणि दार पुन्हा लावून घेतलं होतं.

मी दार बोटभर ढकललं. आतून गरम हवा तोंडावर आली. आई कुशीवर निजली होती. तिचा एक हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि बोटं पलंगाखालच्या अंधारात हलत होती, कुणाच्या तरी डोक्यावर खाजवल्यासारखी. प्रेमाने, सावकाश. चेहरा इतका समाधानी होता की मी दारातूनच हाक मारली.

“आई... हात वर घे. आई, ऐक माझं, हात वर घे.”

“हळू बोल,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आत्ता कुठे निजलाय. अंग बघ किती तापलंय त्याचं.”

माझ्या घोट्याला घासून काहीतरी मागे सरकलं, आणि फरशीवर ती अधू चाल बाहेरच्या दाराच्या दिशेने लांब जाऊ लागली. तीन टकटक, एक घसटा. आईने मान किंचित उचलली, कान दिला.

“आणि बाहेर ते कोण खरवडत होतं गं मघापासून?” ती म्हणाली. “त्याला घेऊ नकोस हं आत. ह्याला नाही आवडत.”